दगडाचं तिकीट

मला माणसांत आणलं ते शहापूरच्या कंडक्टरमावशीने. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यात तिने माझ्याशी एक वाक्य गोड बोलल्याचं सापडणार नाही, आणि कोणी तिच्याबद्दल भलतंच मत करून घेईल अशी मला धास्ती वाटते. मला सगळ्याचीच धास्ती वाटते. तिला कशाचीच वाटायची नाही.

ती लाल गाडीवर कंडक्टर होती. नवरा ड्रायव्हर होता, तो गेला आणि त्याच्या जागेवर ही लागली. साकोली-भंडारा, भंडारा-पवनी, अशा तिच्या फेऱ्या. खाकी कोट, खांद्याला चामड्याची बॅग, हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, आणि चेहऱ्यावर कायम एकच भाव: हा माणूस गाडीत कशाला चढला. तुच्छता हा तिचा स्वभाव नव्हता, ती तिची नजरच होती. आपण डोळ्यांनी बघतो तशी ती तुच्छतेने बघायची. दारात लटकणारे, खिडकीतून थुंकणारे, "मी कोण आहे माहीत आहे का" म्हणणारे, सगळ्यांसाठी तिचा नाकातून निघणारा एकच आवाज होता. "हं." त्या एका "हं"ने मी भलेभले लोक सीटवर सरकून बसलेले पाहिले आहेत.

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला त्याला काही वर्षं लोटली होती, तरी गाडीत तावातावाने वाद चालायचे. आपल्याकडे काय राहिलं, तिकडे काय गेलं. मावशी सीटच्या दांडीवर चिमटा वाजवत मधे उभी राहायची. "जिल्हा कुठंही जाऊ द्या जी. तुमी कुठं उतरता थे सांगा."

मी एकोडीची. आठवीनंतर शाळेसाठी रोज साकोलीला जायची. पास खरा असायचा, तारीख उरलेली असायची, तरी गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत मी तो काढून बघायची, ठेवायची, पुन्हा काढायची. एकदा मावशी शेजारी उभी राहून बराच वेळ हे बघत होती. मग म्हणाली, "काहून वं पोट्टे, पळून जाऊन राहिला का थो?" गाडी हसली. मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी तिने माझा पास मागितलाच नाही, नुसतं बोटाने दाखवलं की राहू दे, दिसला.

नववीच्या परीक्षेत मी माझं नाव बरोबर लिहिलं आहे ना हे बघत बसले आणि पेपर कोरा राहिला. नापास झाले. पुन्हा गेले नाही. घरी कोणी मारलं नाही, उलट सगळ्यांना सुटल्यासारखं झालं, कारण शाळा सुटलेल्या मुलीचं काय करायचं हे आमच्याकडे ठरलेलं असतं. बाबांनी स्थळं बघायला सुरुवात केली. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं साकोलीहून परतत होतो, तेव्हा मावशीने विचारलं, पोरगी शाळेच्या गाडीला दिसत नाही. बाबांनी सांगितलं. मावशी त्यांच्याकडे नेहमीच्याच नजरेने बघत म्हणाली, "घरी बसवूनच ठेवाची हाय न? मंग माह्या घरी बसवा. मी डूटीवर असते, घराले कुत्रं पण नाही."

बाबांना तिला "नाही" म्हणायला जमलं नाही, कोणालाच जमत नसे. आमच्यातल्या दोन-चार जणांनी मात्र नाकं मुरडली. मावशीचं घर बौद्धांचं, आमच्या घरची पोरगी तिथे राहणार, तिच्या हातचं जेवणार. मावशीच्या कानावर ते आलं. "मुरडू दे," ती म्हणाली, "तेवढाच चेहऱ्याले व्यायाम."

शहापूरला हमरस्त्याला लागून तिचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढे अंगण, आणि अंगणात तुळस नाही, गुलाब नाही, नुसते दगड. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं बांधकाम अर्धवट राहिलंय. जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक दगडावर काहीतरी बसलेलं होतं. जाड, ताठ पानं, एकमेकांत खोचल्यासारखी. खाली पांढरी मुळं, करंगळीएवढी, दगडाला अशी चिकटलेली की नखानेही सुटू नयेत. माती कुठेच नाही.

"बांडगूळ हाय का मावशी?" मी विचारलं. आमच्याकडे झाडावर जे काही परकं उगवतं त्याला बांडगूळच म्हणतात, आणि दिसलं की कोयत्याने उडवतात.

"बांडगूळ थो जो दुसऱ्याचं खाते. बिनतिकिटाचा," मावशी म्हणाली. "हा नुसता बसते. हवा खाते, पाणी पेते, कोणाचं घेत नाही. दगडाचं रगत पेईन का कोणी? हा पासिंजर हाय."

तिच्या भाच्याने, जो दक्षिणेत कोडगूकडे एका नर्सरीत सुपरवायझर होता, त्याने तिला सांगितलं होतं की यांना ऑर्किड म्हणतात, यातली काही खडकावरच राहतात आणि शहरातले लोक ती हौसेने घरात वाढवतात. मावशीने ऐकून घेतलं आणि त्यांना पासिंजरच म्हणत राहिली.

ते आले कुठून, तर तिच्या फेरीच्या रस्त्यावर एका टेकडीला गिट्टीची खदान लागली होती. सुरुंग लागला की वरचे खडक फुटून रस्त्याच्या कडेला येऊन पडायचे, आणि त्यांच्यावरची ही मंडळी उन्हात सुकत पडायची. गाडी थांब्यावर थांबली की मावशी उतरायची, ढिगातला एखादा उचलण्याजोगा दगड बघायची, चिमट्याने त्यावर टकटक करायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला तर आतून तडकलेला आहे, एका उन्हाळ्यात फुटेल, त्याच्यावरचं रोप सोडवून दुसऱ्या खडबडीत दगडावर जुन्या लुगड्याच्या चिंधीने बांधायचं. गुळगुळीत दगडाचा तिला राग होता. "त्याच्यावर कोण बसन? घसरगुंडी हाय का?"

एका बाजाराच्या दिवशी गाडी खच्चून भरली होती, आणि तिच्या स्वतःच्या सीटवर पोत्यात गुंडाळलेला दगड. सफारी घातलेला एक माणूस दांडी धरून उभा होता. तो म्हणाला, "बाई, माणसं उभी अन गोटा बसून? हे कोणतं राज्य आहे?"

"त्याचं तिकीट फाटलं हाय," मावशी म्हणाली. खरंच, सुतळीत सामानाचं तिकीट खोचलेलं होतं. स्वतःच्या खिशातून तिकीट काढल्याशिवाय ती सुईसुद्धा गाडीत ठेवत नसे. "तुमचं फाटाचं हाय अजून. कुठं उतरता?"

"पण दगडाला बसायला जागा कशाला?"

"त्याले भर उन्हात फूल येते. तुमाले काय येते? घाम."

पुढचं हसणं ओसरेपर्यंत ड्रायव्हरदादाने गाडी हलवलीच नाही.

मला तिने काम दिलं ते या पासिंजरांचं, आणि मी तिथेच चुकले. मला वाटलं सांभाळायचं म्हणजे पाणी द्यायचं. सकाळी द्यायची, दुपारी ऊन दिसलं की जीव कासावीस होऊन पुन्हा द्यायची, संध्याकाळी एक लोटा उगाच. मावशीने दोन-तीन दिवस बघितलं आणि एका सकाळी माझ्या हातातून लोटा काढून घेतला.

"तुले तहान लागली का?"

"नाही."

"मंग त्याले लागली हे कोणं सांगतलं? तुह्या जिवाले चैन नाही म्हणून त्याच्या डोक्यावर पाणी? मूळ पाह. पांढरंफटक हाय तंवरच थे श्वास घेऊन राहिलं. पाणी पडलं की हिरवं होते. पुन्हा पांढरं झाल्याबिगर हात लावाचा नाही. माया करू नको. माया करून करून लोकं लेकरं बिघडवतात, हे तं बिचारे मुके हायत."

तेव्हापासून मला नियम लागला: अंगणात जायचं तर हात मागे बांधून. बोअरच्या पाण्याने दगडावर पांढरा थर चढतो म्हणून गच्चीच्या पन्हाळीतून पिंपात धरलेलं पावसाचंच पाणी. तेही उजाडताना, ऊन चढायच्या आत. उन्हाळ्यात दगड तव्यासारखा तापतो, तेव्हा रोपावर नाही, दगडाखालच्या वाळूवर पाणी शिंपायचं आणि बाजूला ओलं पोतं टांगायचं. रोपाला थंडावा कळला पाहिजे, पण कोणी लाड करतंय हे कळता कामा नये. मी हात मागे बांधून उभी राहायची आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न करता बघत राहायची. मला तेव्हा कळलं नाही, पण पास काढून बघण्यासारखं माझं सगळंच पुन्हापुन्हा बघणं त्याच दिवसांत कमी झालं.

त्याच हिवाळ्यात आमची आत्या भेटायला आली. चहा घेतला, म्हणजे कप तोंडाला लावून खाली ठेवला, आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "किती दिवस दुसऱ्याच्या घरी बांडगुळासारखी राहशील वं? स्थळ चांगलं हाय. शेती हाय त्याइची."

मावशी बूट घालत होती. तिने मान वर केली नाही. आत्या गेल्यावर म्हणाली, "ऐक. थो मधातला मोठा दगड हाय न, त्याले औंदा कळ्या येतीन. उन्हाळा पार करून त्याले पावसात नेऊन दाखव. दाखवलास तं मी भाच्याले सांगून तुले नर्सरीत लावते. नाही दाखवलास तं जा एकोडीले, अन बस पाटावर. मी अडवणार नाही."

म्हणजे तो दगड जगला तर मी सुटणार होते. आता मला रात्री झोप कशी लागली असेल हे सांगायला नको.

उन्हाळ्याच्या तोंडी मधल्या दगडाला तुरे आले. पिवळ्या पाकळ्या, वर तपकिरी पट्टे, आणि सकाळी असा वास की शेजारची कुत्री येऊन हुंगून जायची. अंगण उघडं, रस्त्यावरून दिसायचं. आणि मग शेजारच्या देवकाकाकीने ते पाहिलं. गावातल्या विहिरी तळाला गेलेल्या, गवताची काडी हिरवी नाही, आणि एका कोरड्या दगडातून फुलं निघालेली. तिचा मुलगा सुरतेकडे कामाला गेला होता आणि कित्येक महिने त्याचा फोन नव्हता. तिने दगडासमोर हात जोडले.

दुसऱ्या दिवशी हळदकुंकू आलं. मग तेलात कालवलेला शेंदूर, दगडाला सगळीकडून माखलेला, मुळांसकट. मग रोज आंघोळ. एक बाई लोटा घेऊन आली, मग तीन आल्या, मग लांबच्या आळीतल्या. मी दारात उभी राहून बघायची. तोंड उघडायची, पण बायका एवढ्या भक्तीने डोळे मिटून उभ्या असायच्या की ते पुन्हा मिटायची. मावशी त्या दिवसांत पवनीच्या मुक्कामी गाडीवर होती. ती सुटी घेऊन घरी आली तेव्हा मधला दगड भगवा झाला होता, बुडाचं एक पान पिवळं पडलं होतं आणि मुळं पांढरीही नव्हती, हिरवीही नव्हती. तपकिरी.

मी रडायला तयार होऊन उभी होते. तिने दगडाभोवती एक चक्कर मारली, चिमट्याने टकटक केली. "तुह्या तोंडाले कुलूप लावून कोण गेलं?" एवढंच म्हणाली.

"तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं सगळे ऐकतात."

मावशी पायरीवर बसली. पहिल्यांदाच मी तिला थकलेली पाहिली. "मी पुसला शेंदूर तं काय म्हणतीन माहीत हाय का? बौद्धाच्या बाईनं देव पुसला. मंग दगड राहन बाजूले, पासिंजर राहन बाजूले, गावात दोन पार्ट्या होतीन. माह्या तोंडाचा इथं उपयोग नाही. तू त्याइच्यातली हायस. तुलेच बोला लागन." मग नेहमीचा "हं" काढून म्हणाली, "अन तुले तं बोलता येत नाही. झालं. पासिंजर गेला."

तो "हं" मला लागला. तोपर्यंत तिने माझ्यावर तो कधी काढला नव्हता.

सकाळी देवकाकाकी लोटा घेऊन आली, मागे दोन बायका. मी दगडासमोर उभी राहिले. हात मागेच होते, सवयीने.

"पाणी नका टाकू काकी."

"काहून वं?"

"त्याले चालत नाही."

"देवाले पाणी चालत नाही?" काकी मागच्या बायकांकडे बघून हसली. "कोणत्या शाळेत शिकली वं तू? थे पण अर्धी."

तोंडातून जो आवाज निघाला तो माझा नव्हता. तो सरळ साकोली-भंडारा गाडीतला होता. "शिकली नाही म्हणूनच सांगून राहिली काकी, शिकली असती तं तुमच्यासंगं हात जोडले असते. हा देव नाही, पासिंजर हाय. नुसता बसाले आला. तुमी त्याले आंघोळ घालून घालून मारून राहिले." मी वाकून एक सडकं मूळ ओढलं. ते चिखलासारखं हातात आलं. काकीच्या नाकापुढे धरलं. "वास घ्या. देव असता तं सडला असता का?"

मागच्या बायका पदर सावरत निघून गेल्या. काकी तिथेच उभी. लोटा तसाच भरलेला. लोट्याकडे बघत म्हणाली, "मंग माहं गाऱ्हाणं मी कोणाले सांगू?"

याचं उत्तर मावशीच्या आवाजात नव्हतं. ते मलाच शोधावं लागलं. मी म्हटलं, "इथंच येऊन सांगा काकी. रोज या. फक्त लोटा घरी ठेवून या."

ती आली. रोज आली. दगडापासून हातभर अंतरावर बसायची, काहीतरी पुटपुटायची, उठून जायची. मावशी दारातून बघायची.

शेंदूर मी चिंधीने आणि काडीने खरवडून काढला, थोडा थोडा, मुळाला धक्का न लावता. सडकी मुळं कापली. मोठं रोप तरीही गेलं. पानं एकेक करून गळाली, फुलं तर आधीच. पण बुडाशी एक पिल्लू होतं, दोन पानांचं, शेंदराखाली दबलेलं. मी त्याला काहीही केलं नाही. मावशीकडून मी हे एकच काम नीट शिकले होते. आषाढात त्या पिल्लाला नवं मूळ फुटलं, टोकाला हिरवं, आणि त्याने दगड धरला.

मावशीने वाकून पाहिलं. मला वाटलं आता तरी काही म्हणेल. "जगला," ती म्हणाली. "तुह्या हातानं नाही जगला, स्वतःच्या हट्टानं जगला. बॅग भर."

नागपूरला जाणाऱ्या गाडीवर त्या दिवशी तिने मुद्दाम ड्यूटी मागून घेतली, हे मला ड्रायव्हरदादाने सांगितलं. तिने सांगितलं असतं तर ती मावशी कसली. बाबा शहापूरच्या थांब्यावर आले होते. आत्याही आली होती, कारण मी जाते की नाही याची तिला खात्री करून घ्यायची होती. गाडी निघाल्यावर मावशी सगळ्यांची तिकिटं फाडत माझ्यापर्यंत आली आणि हात पुढे केला. मी पैसे काढायला लागले. तिने मान हलवली, स्वतःच्या कोटाच्या खिशातून पैसे काढून बॅगेत टाकले, तिकीट फाडलं, भोक पाडलं.

"ठेव हे. फेकू नको," ती म्हणाली. "कोणी बांडगूळ म्हणलं तं दाखव."

आणि पुढच्या सीटकडे वळली. "हं. तुमी कुठं उतरता जी?"

आता मी कोडगूकडच्या त्याच नर्सरीत आहे. इथली भाषा मला अजून नीट येत नाही, पाऊस मात्र कळतो. खडकावरची रोपं माझ्याकडे आहेत, कारण ती इतर कोणाच्या हातात टिकत नाहीत. मोठमोठ्या गाड्यांतून लोक येतात, रोपाला बाळ म्हणतात, त्याचं नाव ठेवतात, घरी नेऊन रोज पंपाने फवारतात आणि चार आठवड्यांनी सडलेलं घेऊन येतात. "आम्ही तर खूप प्रेम केलं," म्हणतात. मी नाकातून एक आवाज काढते. मालक म्हणतात, गिऱ्हाइकांशी असं वागू नये. मी काय करणार, तो आवाज आता माझाच झाला आहे. रात्री खोलीत गॅस बंद आहे का हे मी अजूनही दोनदा बघते. पण दोनदाच.

मावशी रिटायर झाली. गुडघे गेले. हमरस्ता रुंद झाला त्यात अंगण अर्धं गेलं, दगड गच्चीवर चढवले, आणि ते चढवायला सुरतेहून परतलेला देवकाकाकीचा मुलगाच आला होता. मावशी फोन करते तेव्हा मी कशी आहे हे विचारत नाही. मुळं पांढरी आहेत की हिरवी, एवढं विचारते. मी म्हणते, पांढरी. ती म्हणते, "मंग हात लावू नको," आणि फोन ठेवते.

इथे मी एक दगड तयार करते आहे. नर्सरीत वाढलेलं रोप, खडबडीत खडक, टकटक केली की खणखणीत वाजतो. रोपाने दगड अजून पुरता धरलेला नाही. धरला, की मी सुटी मागणार आहे. रेल्वेने नागपूर, आणि तिथून लाल गाडीने शहापूर. गाडी खच्चून भरलेली असली तरी चालेल. मी त्या दगडाचं सामानाचं तिकीट काढीन, सुतळीत खोचीन, त्याला माझ्या सीटवर बसवीन आणि मी उभी राहीन. मावशीच्या गच्चीवर तो ठेवेपर्यंत तिने माझ्यासाठी फाडलेल्या तिकिटाचे पैसे फिटले असं मी म्हणणार नाही.